अपस्फीत नीला : पायांतील विकृती व तिचे शस्त्रक्रियात्मक उपचार

पायांच्या त्वचेखालील ज्या नीला (हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या) कायमच्या फुगलेल्या, लांबलेल्या व नागमोडी झालेल्या असतात, त्यांना ‘अपस्फीत नीला’ असे म्हणतात. व्यवहारात ‘पायाच्या शिरा फुगणे’ किंवा ‘व्हेरिकोज व्हेन्स’ ही नावे रूढ आहेत. ही विकृती केवळ पायाचे रूप बिघडविणारी आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः फुगलेली नीला हे दृश्य लक्षण असून मूळ दोष रक्ताच्या उलट्या प्रवाहात असतो. हा प्रवाह कोठून सुरू होतो हे शोधून तो मार्ग बंद करणे, हे या विकृतीवरील सर्व शस्त्रक्रियांचे सूत्र होय. मूळ मार्ग तसाच ठेवून केवळ दिसणाऱ्या गाठी काढल्यास विकृती पुन्हा उद्‌भवण्याचा संभव असतो. तसेच घोट्यावरील जखमेवर वर्षानुवर्षे मलम लावूनही ती पुनःपुन्हा उघडते.

शारीर व शरीरक्रिया : पायातील नीलांचे तीन गट आहेत. स्नायूंमधून जाणाऱ्या खोल नीला, त्वचेखालील चरबीच्या थरातील उत्तान नीला आणि या दोहोंना जोडणाऱ्या वेधक नीला. उत्तान नीलांपैकी दोन प्रमुख आहेत. मोठी उत्तान नीला घोट्याच्या आतील उंचवट्यासमोरून निघून पोटरी व मांडीच्या आतील बाजूने वर जाते आणि जांघेत खोल नीलेला मिळते. लहान उत्तान नीला घोट्याच्या बाहेरील उंचवट्यामागून निघून पोटरीच्या मागील मध्यरेषेने वर चढते व बहुधा गुडघ्यामागील खळगीत खोल नीलेला मिळते. पायातील सु. ९०% रक्त खोल नीलांमधून वर जाते. उत्तान नीलांचा वाटा सु. १०% असतो. त्यामुळे खोल नीला मोकळ्या असतील, तर विकृत उत्तान नीला काढून टाकल्याने रक्ताचे परतणे अडत नाही. ‘शीर काढली, तर रक्त वर जाणार कसे’ या रुग्णांच्या नेहमीच्या शंकेचे उत्तर यातच आहे.

स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यापाशी नीलांतील दाब सु. ८० ते ९० मिमी. पाऱ्याइतका असतो. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून खोल नीला पिळल्या जातात, रक्त वर ढकलले जाते आणि हा दाब सु. २० ते ३० मिमी. पर्यंत उतरतो. पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात ते यामुळेच. वर गेलेले रक्त खाली येऊ नये म्हणून नीलांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. झडपेच्या पाकळ्या एकमेकींना भिडेनाशा झाल्या की, रक्त खाली ओघळते, खालचा भाग ताणला जाऊन तेथील झडपाही निकामी होतात आणि दोष पसरत जातो. अशा पायात चालतानाही दाब पुरेसा उतरत नाही. सततच्या दाबामुळे केशवाहिन्यांतून द्रव व रक्तकोशिका ऊतकांत झिरपतात, त्वचा तपकिरी व कडक होते, खाज सुटते आणि अखेरीस क्षुल्लक खरचटण्यानेही व्रण (भरून न येणारी जखम) तयार होतो. हा व्रण बहुधा घोट्याच्या आतील बाजूस, थोडा वर असतो.

कारणे : आनुवंशिकता, वाढते वय, वारंवार गर्भधारणा, स्थूलता व दीर्घकाळ एका जागी उभे राहून करावी लागणारी कामे यांचा या विकृतीशी संबंध आहे. नाभिक, आचारी, शिक्षक, वाहतूक पोलीस, एस. टी. वाहक, यंत्रमाग कामगार व दुकानांतील विक्रेते यांना ती विशेष त्रास देते. चालण्याने ती होत नाही. उलट चालण्याने पोटरीचा पंप कार्यक्षम राहतो. खोल नीलेत पूर्वी रक्तगुठळी होऊन गेल्यानंतर झडपा नष्ट होऊन उद्‌भवणारी विकृती ‘दुय्यम’ समजतात. तिच्यावरील उपचाराचा विचार वेगळा करावा लागतो.

इतिहास : इ. स. पू. सोळाव्या शतकातील एबर्झ पपायरस या ईजिप्शियन वैद्यकीय लेखात पायांवरील नागमोडी फुगवट्यांना शस्त्र लावू नये, असा इशारा आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दुर्बल व्यक्तीस अतिश्रमाने होणाऱ्या ‘सिराज ग्रंथी’चे वर्णन असून काही आधुनिक अभ्यासक तिची तुलना अपस्फीत नीलांशी करतात. त्याच संहितेत सिराव्यध (नीला वेधून रक्त काढणे) व जळवा लावणे या क्रियांचे विधी सविस्तर दिलेले आहेत. इ. स. पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने नीला उघडी करून काढण्याची व डागण्याची पद्धत वर्णिली. रोमन सेनानी मेरिअस याने न बांधून घेता एका पायावर ही शस्त्रक्रिया करून घेतली. मात्र एवढ्या वेदनांच्या मानाने लाभ अल्प आहे असे म्हणून दुसरा पाय पुढे केला नाही, अशी हकीकत प्लूटार्क याने दिली आहे.

फाब्रीत्स्युस याने १६०३ मध्ये नीलांतील झडपांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. त्याचा शिष्य विल्यम हार्वी याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा या झडपांचे प्रयोजन स्पष्ट झाले [⟶ अभिसरण तंत्र]. जर्मन शस्त्रक्रियाविशारद फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ख (१८४४–१९२४) यांनी १८९०-९१ च्या सुमारास मांडीत मोठी उत्तान नीला बांधून उलटा प्रवाह अडविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर केलर (१९०५), चार्ल्स मेयो (१९०६) व बॅबकॉक (१९०७) या अमेरिकन शस्त्रक्रियाविशारदांनी संपूर्ण नीला ओढून काढण्याची साधने तयार केली. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बांधणे व ओढून काढणे ही जोडक्रिया प्रमाण उपचार मानली जात असे.

शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी : रुग्णास उभे करून पाय जांघेपासून टाचेपर्यंत तपासतात. झोपवून पाय उंच करणे, नीला रिकामी झाल्यावर जांघेत दाब देणे व रुग्ण उभा राहिल्यावर दाब काढून नीला वरून भरते किंवा कसे ते पाहणे, ही जुनी परीक्षा अद्यापि शिकविली जाते. तथापि उपचाराचा निर्णय आता श्राव्यातीत ध्वनीवर आधारलेल्या डॉप्लर तपासणीवरून घेतात. तीत नीलेचे चित्र व रक्तप्रवाहाची दिशा दोन्ही दिसतात. पोटरी दाबून सोडल्यावर उत्तान नीलेतील उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून अधिक टिकल्यास झडप सदोष समजतात.

या तपासणीने तीन प्रश्नांची उत्तरे मिळावी लागतात : उलटा प्रवाह कोणत्या संगमातून वा वेधक नीलेतून सुरू होतो, तो कोठपर्यंत जातो, आणि खोल नीला मोकळ्या आहेत काय. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. खोल नीला गुठळीने बंद झाल्या असतील, तर फुगलेल्या उत्तान नीला हाच रक्ताचा पर्यायी मार्ग असू शकतो व तो काढल्यास पायाची स्थिती अधिक बिघडते. याखेरीज पायातील रोहिण्यांचे (शुद्ध रक्तवाहिन्यांचे) ठोकेही तपासतात. विशेषतः मधुमेही व धूम्रपान करणाऱ्या रुग्णांत रोहिण्या अरुंद असतील, तर घट्ट दाबपट्टी बांधल्याने पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो.

कोणावर उपचार करावा : वेदना, जडपणा, सायंकाळी वाढणारी सूज, त्वचेचा रंग बदलणे, नीलाशोथ (नीलेचा दाह व तीत गुठळी होणे), फुगवट्यातून रक्तस्राव आणि चालू किंवा भरून आलेला व्रण ही उपचाराची सबळ कारणे होत. लक्षणे नसलेल्या नीलांवर शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असे नाही. गर्भारपणात फुगलेल्या नीला प्रसूतीनंतर पुष्कळदा कमी होतात. म्हणून त्या काळात सहसा शस्त्रक्रिया करीत नाहीत. निरोगी उत्तान नीला उगाच काढणेही इष्ट नाही. कारण हृदयाच्या रोहिणीवरील उपमार्ग शस्त्रक्रियेत (बायपासमध्ये) तीच जोडवाहिनी म्हणून उपयोगी पडते.

शस्त्रक्रियेचे प्रकार : (१) बांधणे व ओढून काढणे : ही पारंपरिक शस्त्रक्रिया कमरेखालचा भाग बधिर करून किंवा पूर्ण भूल देऊन करतात. जांघेत लहान छेद घेऊन मोठी उत्तान नीला व तिला मिळणाऱ्या उपशाखा सुट्या करतात आणि ती खोल नीलेच्या अगदी लगत बांधून कापतात. नंतर नीलेत लवचिक तार घालून ती गुडघ्याच्या किंचित खालपर्यंत ओढून काढतात. त्याखाली नीलेला चिकटून संवेदना नेणारी तंत्रिका जाते. ती दुखावू नये म्हणून घोट्यापर्यंत नीला ओढण्याची जुनी प्रथा मागे पडली आहे. केवळ बांधण्यापेक्षा नीला काढल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची गरज कमी भासते. लहान उत्तान नीलेचा संगम प्रत्येक व्यक्तीत निराळ्या उंचीवर असू शकतो. म्हणून तो शस्त्रक्रियेपूर्वी डॉप्लरच्या साह्याने त्वचेवर आखून घेतात. जांघेतील जखमेत पू होणे, रक्त साकळणे, पायाचा काही भाग बधिर राहणे व क्वचित खोल नीलेत गुठळी होणे हे या शस्त्रक्रियेचे उपद्रव होत.

(२) सूक्ष्म छेदांतून नीला काढणे : त्वचेवर दोन-तीन मिमी. चे छेद घेऊन आकड्याने नागमोडी उपशाखा बाहेर ओढतात. रॉबर्ट म्यूलर या स्विस वैद्यांनी १९५६ पासून ही पद्धत रूढ केली. तिला टाके लागत नाहीत व व्रणचिन्हे नाममात्र राहतात. मुख्य नीलेवरील कोणत्याही उपचारास ती पूरक आहे.

(३) नीलेच्या आतून उष्णता देणे : १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लेसर व रेडिओ कंप्रता या दोन पद्धती प्रचारात आल्या. गुडघ्याजवळ सुईने नीलेत प्रवेश करून लेसरचा तंतू किंवा रेडिओ कंप्रतेची नलिका जांघेतील संगमाच्या सु. २ सेंमी. अलीकडे नेऊन ठेवतात. नीलेभोवती संवेदनाहारक औषध मिसळलेला विरल द्रव भरतात. त्याने वेदना टळतात, नीला आवळली जाते व भोवतीच्या ऊतकांना उष्णतेपासून संरक्षण मिळते. नंतर नलिका मागे घेत नीला आतून भाजतात. रेडिओ कंप्रतेच्या प्रचलित साधनात नीलेचा सु. ७ सेंमी. चा एकेक भाग १२०° से. तापमानास २० सेकंद तापवितात. बंद झालेली नीला जागीच राहून हळूहळू तंतुमय होते. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जाऊ शकतो. त्वचा भाजणे, बधिरपणा व गुठळी खोल नीलेत सरकणे हे उपद्रव संभवतात. अतिशय वाकड्या किंवा त्वचेस लागून असलेल्या नीलेस ही पद्धत सोयीची नाही.

(४) फेसाचे अंतःक्षेपण : सोडियम टेट्राडेसिल सल्फेट किंवा पॉलिडोकॅनॉल हे औषध हवेबरोबर घुसळून केलेला दाट फेस श्राव्यातीत चित्राच्या मार्गदर्शनाखाली नीलेत सोडतात. त्याने अस्तराचा दाह होऊन नीला चिकटून बंद होते. यास भूल लागत नाही व खर्च कमी येतो. वृद्ध, अशक्त किंवा पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत हा उपाय विशेष उपयोगी आहे. मात्र नीला पुन्हा उघडण्याचे प्रमाण यात अधिक असून अंतःक्षेपण पुन्हा करावे लागते. त्वचेवर तपकिरी डाग, नीलाशोथ व क्वचित तात्पुरता दृष्टिदोष हे उपद्रव आढळतात.

(५) इतर : सायनोॲक्रिलेट या चिकट द्रव्याने नीला आतून चिकटविण्याची पद्धत अलीकडील असून महाग आहे. तीत उष्णता वापरावी लागत नाही. परंतु त्या द्रव्याची अधिहर्षता (ॲलर्जी) काही रुग्णांत उद्‌भवते. वेधक नीला बांधण्यासाठी लिंटन यांनी १९३८ मध्ये वर्णिलेला पोटरीवरील लांब छेद जखम भरून येण्यातील अडचणींमुळे प्रचारातून गेला. निवडक रुग्णांतच, व्रणाखालील सदोष वेधक नीला आता सुईवाटे बंद करतात.

निवड व परिणाम : ब्रिटनमधील ७९८ रुग्णांवरील एका तुलनात्मक अभ्यासात पाच वर्षांनंतर (निष्कर्ष २०१९) लेसर व शस्त्रक्रिया या दोन्ही गटांतील रुग्णांचे जीवनमान फेस वापरलेल्या गटापेक्षा चांगले आढळले. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शनात (२०१३) प्रथम उष्णतेची पद्धत, ती शक्य नसल्यास फेस व तीही शक्य नसल्यास नीला काढण्याची शस्त्रक्रिया असा क्रम सुचविला आहे. याचा अर्थ जुनी शस्त्रक्रिया कालबाह्य झाली असा नव्हे. लेसरची सोय नसलेल्या ठिकाणी कुशल हातांनी केलेली शस्त्रक्रिया हा उत्तम व टिकाऊ उपचार आहे. साधन कोणते यापेक्षा उलट्या प्रवाहाचे मूळ अचूक सापडले किंवा नाही, यावर यश अधिक अवलंबून असते. कोणत्याही पद्धतीनंतर काही वर्षांनी नव्या नीला फुगू शकतात, हे रुग्णास आधी सांगणे आवश्यक आहे.

व्रणाच्या बाबतीत दोन अभ्यास निर्णायक ठरले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ दाबपट्टी वापरलेल्यांपैकी २८% रुग्णांत, तर दाबपट्टीबरोबर शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी १२% रुग्णांत भरलेला व्रण वर्षभरात पुन्हा उद्‌भवला. २०१८ मधील ४५० रुग्णांच्या अभ्यासात नीला लवकर बंद केलेल्या गटात व्रण भरण्यास लागलेला मध्यक काळ ५६ दिवस, तर उपचार लांबविलेल्या गटात ८२ दिवस होता. म्हणजे व्रण भरेपर्यंत शस्त्रक्रियेसाठी थांबावे, हा जुना संकेत आता उरलेला नाही.

धाराशिव जिल्ह्यातील परिस्थिती : या निष्कर्षांचे महत्त्व शहरापेक्षा ग्रामीण भागात अधिक आहे. मराठवाड्यातील धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) हा जिल्हा अवर्षणप्रवण असून कोरडवाहू शेती व मजुरी यांवर येथील पुष्कळ कुटुंबे अवलंबून आहेत. अनेक कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात जातात व उन्हाळ्याच्या आरंभी परततात. पायाच्या व्रणाची मलमपट्टी आठवड्यामागून आठवडे एकाच ठिकाणी व्हावी लागते. या स्थलांतरात ती खंडित होते. उसाच्या फडात जखमेला माती व पाणी लागते, पाय उंच करून विसावा घेण्यास सवड नसते आणि मजुरी बुडण्याच्या भीतीने दुखणे अंगावर काढले जाते. जखमेवर पाला वाटून लावणे किंवा डाग देणे यांनी ती अधिक चिघळते. अशा रुग्णास वर्षभर पट्ट्या बदलीत राहण्यापेक्षा मूळ प्रवाह एकदाच बंद करणारी क्रिया अधिक उपकारक ठरते. तातडीची गरज नसल्यास ती हंगामावरून परतल्यावर, पुढील हंगामास पुरेसा अवधी असताना करणे सोयीचे असते.

दाबमोजे हा उपचाराचा उपयुक्त भाग असला, तरी या भागातील कडक उन्हाळ्यात ते दिवसभर घालणे कठीण जाते व ठराविक काळाने नवे घ्यावे लागत असल्याने खर्चही वाढतो. त्याऐवजी ताणपट्टी वापरता येते. ती सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पावलाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, वर जाताना ताण थोडा कमी करीत बांधावी. पोटरीवरच घट्ट बांधलेली पट्टी पावलाची सूज वाढविते.

डॉप्लर तपासणी व शस्त्रक्रिया यांसाठी पूर्वी या जिल्ह्यातील रुग्णांना बहुधा सोलापूर, लातूर किंवा अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांकडे जावे लागे. आता धाराशिव येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली आपल्या आजारावरील कोणती क्रिया व कोणत्या रुग्णालयात मिळू शकते, याची माहिती संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून रुग्णास घेता येते. घोट्याजवळची जखम दोन आठवड्यांत भरून आली नाही, तर रुग्णाच्या नीलांची तपासणी करवून घ्यावी. गावातील आशा कार्यकर्तीने एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली, तरी अनेकांचे दीर्घकाळचे हाल वाचू शकतील.

रक्तस्रावावरील तातडीचा उपाय : घोट्याजवळील पातळ त्वचेखालचा फुगवटा फुटल्यास रक्त जोराने वाहते. उभ्या किंवा बसलेल्या स्थितीत हा स्राव प्राणघातक ठरू शकतो. तो थांबविणे मात्र सोपे असते. रुग्णास ताबडतोब आडवे झोपवून पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच धरावा व फुटलेल्या जागी स्वच्छ कापडाची घडी ठेवून दहा मिनिटे सलग दाबावी. मांडीला दोरी किंवा फडके आवळून बांधू नये. त्याने नीलेतील रक्त तुंबून स्राव वाढतो. रक्त थांबल्यावर दाबपट्टी बांधून रुग्णास रुग्णालयात न्यावे. कारण असा फुगवटा पुन्हा फुटण्याचा संभव असतो व त्या नीलेवर लवकर उपचार व्हावे लागतात.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी : रुग्णास त्याच दिवशी चालते करतात, कारण चालण्याने खोल नीलांत गुठळी होण्याचा धोका कमी होतो. दाबपट्टी वैद्याने सांगितलेल्या काळापर्यंत वापरावी. बैठे काम साधारणतः काही दिवसांत सुरू करता येते. जड ओझे उचलण्याचे काम वैद्याच्या सल्ल्याने, जखमा भरल्यावर सुरू करावे. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागणे, श्वास लागणे किंवा छातीत दुखणे ही खोल नीलेतील गुठळीची वा ती फुप्फुसात गेल्याची चिन्हे असू शकतात; अशा वेळी विलंब न करता रुग्णालय गाठावे. दीर्घकाळ उभे राहावे लागत असल्यास मधूनमधून टाचा उचलणे व चार पावले चालणे, बसताना पाय उंच ठेवणे आणि वजन आटोक्यात राखणे यांनी उरलेल्या नीलांवरील भार हलका होतो.